हाताच्या ओळखीचं, डोळ्याला अनोळखी

दिल्लीत दर्यागंजच्या श्रॉफ नेत्र रुग्णालयातली एक खोली. टेबलासमोर एक मुलगा बसला आहे. जन्मापासून त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजेड आणि अंधार यांच्यापलीकडे त्याला फारसं काही कळत नव्हतं. आता शस्त्रक्रिया झाली आहे, पट्टी सुटली आहे आणि अजून ४८ तास उलटलेले नाहीत. त्याला दिसणार नाही अशा बेताने त्याच्या हातात प्लॅस्टिकचा एक ठोकळा दिला जातो. तो बोटं फिरवतो, कडा चाचपतो, खाचा तपासतो. बोटांना हे काम नवं नाही, आजवरचं सगळं जग त्याने असंच ओळखलेलं आहे. मग तो ठोकळा काढून घेतात आणि पांढऱ्या कापडावर दोन ठोकळे त्याच्या नजरेसमोर मांडतात. मघाशी हातात होता तो यांतला कोणता?

मुलगा पाहतो. दोन्ही ठोकळे त्याला दिसताहेत, वेगवेगळेही दिसताहेत. तो थांबतो, पुन्हा पाहतो आणि एकाकडे बोट दाखवतो. अंदाजाने.

त्या अंदाजाची वाट तत्त्वज्ञान तीनशेहून अधिक वर्षं पाहत होतं.

७ जुलै १६८८ रोजी डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू याने एक पत्र लिहिलं. मॉलिन्यू शिक्षणाने वकील, ओढीने शास्त्रज्ञ. देकार्तच्या चिंतनांचं इंग्रजी भाषांतर त्याने चोविशीत केलं होतं, आणि भिंगातून जाताना प्रकाश कसा वळतो यावर पुढे त्याने ग्रंथही लिहिला. त्याच्या घरात मात्र एक दुःख होतं. १६७८ मध्ये त्याचं लग्न झालं आणि थोड्याच काळात त्याची बायको ल्यूसी हिची दृष्टी गेली. नवरा दृष्टीचं शास्त्र धुंडाळतो आहे आणि शेजारच्या खोलीत बायको भिंतीच्या आधाराने चालते आहे. प्रश्नाचा उगम त्या घरात असावा, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

प्रश्न असा. जन्मांध माणूस आहे. एकाच धातूचा, साधारण एकाच आकारमानाचा एक गोळा आणि एक घन त्याला नुसत्या स्पर्शाने वेगळे ओळखता येतात. समजा त्याला अचानक दिसू लागलं आणि दोन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या. हात न लावता, केवळ पाहून, गोळा कोणता आणि घन कोणता हे तो सांगू शकेल का?

तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या येऊ घातलेल्या ग्रंथाचा सारांश एका फ्रेंच नियतकालिकात छापून आला होता, तो वाचून मॉलिन्यूने हे पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. पुढे लॉकशी त्याचा पत्रव्यवहार जुळला, १६९३ मध्ये त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि १६९४ साली ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत लॉकने तो छापला. दोघांचंही उत्तर एकच होतं: नाही, त्याला सांगता येणार नाही. हे दोन पत्रमित्र प्रत्यक्षात भेटले ते थेट १६९८ च्या उन्हाळ्यात. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मॉलिन्यू वारला. प्रश्न उरला.

गोळा आणि घन यांच्या निमित्ताने मन कशाचं बनलं आहे हेच विचारलं जात होतं. लॉकच्या मते मन जन्मतः कोरं असतं आणि अनुभव त्यावर लिहितो. हाताने जाणलेला गोलपणा वेगळा, डोळ्याने पाहिलेला गोलपणा वेगळा. दोघांची गाठ सवयीने पडते. ज्याला ती सवयच नाही त्याला नव्याने दिसणारा गोळा परकाच वाटणार. पण नवदृष्टी मिळालेल्या माणसाने पहिल्याच नजरेत गोळा ओळखला, तर मात्र मानावं लागेल की हात आणि डोळा या दोघांच्याही मागे मनात गोलपणाची एकच कल्पना आधीपासून बसलेली आहे.

लाइबनिझ दुसऱ्या पक्षाचा. त्याचं म्हणणं, त्या माणसाला एवढंच सांगा की समोर गोळा आणि घन आहेत. गोळ्याला कुठे कोपरा नाही, घनाला आठ कोपरे आहेत, हे त्याच्या बुद्धीला ठाऊक आहे. नव्या चित्रात तो कोपरे शोधेल आणि उत्तर काढेल. १७०९ मध्ये बर्कलीने उलट टोक गाठलं. दृष्टी आणि स्पर्श यांच्यात सामाईक असं काहीच नाही, देवाने घालून दिलेल्या खुणांची भाषा आपण हळूहळू शिकतो इतकंच. दिदरोने १७४९ मध्ये अंधांविषयीच्या आपल्या पत्रात हा वाद पुढे नेला. त्या लेखनात धर्माला न मानवणाऱ्या गोष्टी होत्या, त्यामुळे त्याला व्हॅन्सेनच्या गढीत कैदेत जावं लागलं.

आपल्याकडे या गुंत्याला फार आधी हात घातला गेला होता. न्यायसूत्रांचा तिसरा अध्याय उघडतो तोच या मुद्द्याने. जी वस्तू मी डोळ्याने पाहिली तीच मी आता हाताने धरली आहे, असं आपण म्हणतो. डोळ्याला स्पर्श कळत नाही, त्वचेला रंग कळत नाही. मग ‘तीच’ हे कोण म्हणतं? दोघांचं जाणणारा, दोघांहून वेगळा कुणी तरी असला पाहिजे, आणि तो आत्मा, असा नैयायिकांचा युक्तिवाद. थोडं पुढे गेल्यावर ते आंबट फळाचं उदाहरण देतात: फळ दिसतं डोळ्याला आणि पाणी सुटतं जिभेला. मराठी वाचकाने इथे चिंचेचं बुटूक डोळ्यापुढे आणावं, पुरावा तोंडातच मिळेल. बौद्ध पंडितांनी या आत्म्याला शतकानुशतकं विरोध केला. प्रत्यक्षाचे क्षण एकापुढे एक येतात, त्यांना धरून ठेवणारा वेगळा धनी कशाला हवा, हा त्यांचा सवाल.

एक गोष्ट मात्र दोन्ही बाजू गृहीत धरतात: पाहिलेलं आणि स्पर्शलेलं एकच आहे हे माणसाला कळतं. हे ‘कळणं’ मुळात कधी आणि कसं येतं, हे मॉलिन्यूने विचारलं. त्यासाठी लागणारा साक्षीदार फार दुर्मिळ होता.

नुसत्या बुद्धीने काय साधतं याचा दाखला महाराष्ट्रात आहे. अमरावती जिल्ह्यातले गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले. अवघ्या नऊ महिन्यांचे असताना त्यांची दृष्टी गेली. चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले, वेदान्तापासून डार्विन आणि स्पेन्सरपर्यंतच्या मतांची चिकित्सा केली. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणत. दृष्टीविना आकार, अंतर, रूप या कल्पना घेऊन माणूस किती दूर जाऊ शकतो हे त्यांच्याकडे पाहून कळतं, आणि लाइबनिझला त्यांचं उदाहरण फार आवडलं असतं. पण त्यांची दृष्टी परत आली नाही. मॉलिन्यूच्या प्रश्नाला असा माणूस हवा होता ज्याचे डोळे जन्मतः बंद आणि मग एके दिवशी उघडलेले.

असा पहिला गाजलेला साक्षीदार १७२८ मध्ये लंडनला मिळाला. विल्यम चेसल्डन या शल्यवैद्याने तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया केली. मुलाला वाटलं, दिसणारं सगळं आपल्या डोळ्यांना चिकटलेलं आहे. घरातलं मांजर कोणतं आणि कुत्रा कोणता हे तो सारखा विसरायचा. विचारायची लाज वाटून एकदा त्याने मांजर उचललं, हाताने नीट चाचपलं आणि मग त्याच्याकडे एकटक पाहत राहिला, पुढच्या वेळी ओळखता यावं म्हणून. बर्कलीच्या बाजूच्यांना विजय झाल्यासारखं वाटलं. पण चेसल्डनने गोळा-घनाची पद्धतशीर परीक्षा घेतलीच नव्हती.

मग २३० वर्षांनी नेमकी उलटी साक्ष आली. इंग्लंडमध्ये सिडनी ब्रॅडफर्ड नावाचा बावन्न वर्षांचा गृहस्थ होता. दहा महिन्यांचा असताना त्याची दृष्टी गेली होती. डिसेंबर १९५८ आणि जानेवारी १९५९ मध्ये त्याच्या डोळ्यांत नवी पारपटलं बसवली. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी आणि जीन वॉलेस त्याला भेटले तेव्हा तो भिंतीवरच्या घड्याळात वेळ सांगू शकत होता. काच काढलेल्या घड्याळाचे काटे तो आयुष्यभर बोटाने पाहत आला होता. मोठ्या लिपीतली इंग्रजी अक्षरं त्याने धडाधड वाचली. अंधशाळेत ती त्याला लाकडी अक्षरांवर हात फिरवून शिकवली होती. छोटी अक्षरं शिकवली नव्हती, ती त्याला वाचता आली नाहीत. त्याला बसचं चित्र काढायला सांगितलं तर बसचा जो पुढचा भाग त्याने कधी चाचपला नव्हता तो चित्रात आलाच नाही. इतक्या स्पष्टपणे हाताचं ज्ञान डोळ्याकडे गेलेलं याआधी कुणी पाहिलं नव्हतं. तरीही शंका राहिली. दहा महिने त्याने जग पाहिलं होतं, आणि शस्त्रक्रिया व परीक्षा यांच्यात काही आठवडे गेले होते. दृष्टी मिळूनही तो सुखी झाला नाही. ऑगस्ट १९६० मध्ये तो वारला.

याच सुमारास मेंदूविज्ञानाने दार लावून घेतलं. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी मांजराच्या पिलांची एक पापणी शिवून ठेवली आणि दाखवून दिलं की पहिल्या काही आठवड्यांत डोळ्याला उजेड मिळाला नाही तर मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याचं ऐकणंच सोडून देतात. १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं. नेत्रवैद्यकाने यातून धडा घेतला: जन्मजात मोतीबिंदू असलेलं मूल सात-आठ वर्षांचं झालं की शस्त्रक्रियेला अर्थ नाही. श्रीमंत देशांत अशी मुलं पहिल्या काही आठवड्यांतच बरी होत. म्हणजे तिथे मॉलिन्यूचा साक्षीदार जन्मतच नव्हता, आणि जिथे तो होता तिथे डॉक्टर हात लावायला कचरत होते.

तो जिथे होता ते ठिकाण आम्हा उदगीरकरांना परकं नाही.

लातूर जिल्ह्याच्या या टोकाला, कर्नाटक आणि तेलंगणाच्या शिवेवर, नेत्रशिबिराची ओळख लहानपणापासून असते. गावातली म्हातारी माणसं टेम्पोत बसून शिबिराला जातात आणि डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून परत येतात. मोतीबिंदूच्या लाखाहून अधिक शस्त्रक्रिया करणारे डॉ. तात्याराव लहाने याच जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे. उदगीरात लायन्सचं नेत्र रुग्णालय आहे. तरीही एक मोठी फट राहते, आणि ती मुलांच्या बाबतीत. म्हाताऱ्या माणसाचा मोतीबिंदू डोळ्यापुरती भूल देऊन काही मिनिटांत काढता येतो. तान्ह्या बाळाला संपूर्ण भूल द्यावी लागते, त्यासाठी भूलतज्ज्ञ लागतो, मुलांच्या डोळ्यांचा खास सर्जन लागतो, नंतर वर्षानुवर्षं चष्मा बदलत राहावा लागतो. शिबिराच्या मांडवात हे होत नाही. त्यात मोतीबिंदू म्हातारपणीच होतो ही पक्की समजूत. बाळाच्या बुबुळात पांढरं दिसलं की ‘फूल पडलंय’ म्हणून घरचे गप्प बसतात, मोठं झालं की बघू म्हणतात. मुलगी असेल तर बघणं आणखी लांबतं. गरोदरपणात आईला झालेला रुबेला आणि आनुवंशिकता ही त्यामागची दोन मोठी कारणं. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आमच्या भागातली रीत दुसऱ्या कारणाला बळ देते.

उत्तर भारतातल्या खेड्यांतही चित्र वेगळं नव्हतं. २००२ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीत दृष्टी आणि मेंदू यांवर संशोधन करणारे पवन सिन्हा दिल्लीला आले होते. रस्त्याच्या कडेला भीक मागणारी एक बाई आणि तिची दोन लहान मुलं त्यांना दिसली. दोन्ही मुलांचे डोळे पांढरे. मेंदू पाहायला कसा शिकतो हे वर्षानुवर्षं संगणकावर शोधणाऱ्या माणसासमोर दोन जिती उत्तरं उभी होती, आणि त्याच वेळी एक सरळ जबाबदारीही. त्यातून प्रोजेक्ट प्रकाश उभा राहिला. गावोगाव तपासणी करायची, बरी होऊ शकणारी मुलं शोधायची, श्रॉफ रुग्णालयात विनामूल्य शस्त्रक्रिया करायची. मग कुटुंबाच्या संमतीने, त्या मुलांची दृष्टी कशी उलगडते याचा अभ्यास करायचा.

वय गेलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करून काय उपयोग, हा आक्षेप आलाच. सिन्हांच्या गटाने भारतातल्याच एका स्त्रीचा अभ्यास केला होता. जन्मजात मोतीबिंदू, शस्त्रक्रिया बाराव्या वर्षी. वीस वर्षांनी तपासली तर तिला बारीक तपशील दिसत नव्हते, पण वस्तू आणि चेहरे ती ओळखत होती. ह्युबेल-वीझेलचे निष्कर्ष खोटे नव्हते. मात्र त्यांच्यावरून काढलेला निवाडा फार कठोर होता, आणि त्या निवाड्यापायी किती मुलांना परत पाठवलं गेलं असेल याचा विचार केला की मला अस्वस्थ व्हायला होतं.

आता मॉलिन्यूची पाळी आली. प्रयोगाचा कर्ता होता रिचर्ड हेल्ड. १९६३ मध्ये त्याने मांजराच्या दोन पिलांना एका फिरत्या दांड्याला जोडलं होतं. एक पिलू स्वतः चालायचं, दुसरं टोपलीत बसून तेच दृश्य पाहायचं. पाहण्याचा उपयोग करायला शिकलं ते चालणारं पिलू. अंग हलल्याशिवाय डोळा शहाणा होत नाही, हे दाखवणारा हा माणूस पंचाऐंशी ओलांडल्यावर मॉलिन्यूकडे वळला. त्याच्यासोबत युरी ऑस्ट्रॉव्स्की, बिआट्रिस द खेल्डर, तपन गांधी, सुमा गणेश, उमंग माथुर आणि सिन्हा.

आठ ते सतरा वर्षांची पाच मुलं. ठोकळ्यांच्या वीस जोड्या, मुलांच्या अधू नजरेलाही स्पष्ट दिसतील इतक्या मोठ्या. परीक्षा तीन. हाताने चाचपलेला ठोकळा हातानेच ओळखा: ९८ टक्के बरोबर. डोळ्याने पाहिलेला डोळ्यानेच ओळखा: ९२ टक्के. म्हणजे नजर पुरेशी होती, समजही होती. हाताने चाचपलेला डोळ्याने ओळखा: ५८ टक्के. दोनांतून एक निवडायचा म्हटल्यावर डोळे मिटून ५० मिळतात.

२०११ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये हे छापून आलं. लॉक आणि मॉलिन्यू यांचं ‘नाही’ खरं ठरलं.

पण माझं मन थांबतं ते पुढच्या ओळींपाशी. त्यातल्या तीन मुलांची काही दिवसांनी पुन्हा परीक्षा घेता आली. अवघ्या पाच-सात दिवसांत त्यांचे हात आणि डोळे एकमेकांना ओळखू लागले होते. मधल्या काळात त्यांना कुणी धडा दिला नव्हता. ती मुलं फक्त वॉर्डात, घरात वावरत होती, भांडी उचलत होती, आईचा पदर धरत होती, आपलाच हात आपल्याच डोळ्यांपुढे हलताना पाहत होती. आयुष्यभर न झालेली गाठ आठवड्याच्या आत पडली. कोऱ्या मनाला इतकी घाई नसते. गाठ बांधायची तयारी मेंदूत आधीपासून असली पाहिजे, फक्त दोन्ही टोकं एकदम हाती येण्याची वाट असते. लॉक जिंकला खरा, पण लाइबनिझला पूर्ण हरवून नाही.

तत्त्वज्ञांनी हे उत्तर तसंच गिळलं नाही, आणि ते बरंच झालं. जॉन श्वेंक्लर यांनी मुद्दा काढला की नव्याने पाहणाऱ्याला स्थिर ठोकळ्यातली खोली दिसतच नसेल, तर त्याचं चुकणं डोळ्याचं असेल, मनाचं नाही. मुलांना ठोकळ्याभोवती फिरू द्या, किंवा सपाट उठावाच्या आकृत्यांवर परीक्षा घ्या. हा आक्षेप वजनदार आहे, कारण प्रोजेक्ट प्रकाशनेच आधी दाखवलं होतं की ही मुलं स्थिर चित्र कसं पाहतात. चौकोनावर अर्धा चढलेला त्रिकोण त्यांना दोन वस्तू म्हणून दिसत नाही, तुकडे दिसतात. सावली त्यांना वेगळी वस्तू वाटते. तोच त्रिकोण हलू लागला की मात्र तो एकसंध होऊन चौकोनापासून सुटा होतो. हालचाल हीच त्यांची पहिली शिक्षक. हेल्डच्या त्या चालणाऱ्या पिलाची इथे आठवण येते.

मग २०१५ मध्ये आणखी एक धक्का. बाण आत वळलेले किंवा बाहेर वळलेले असले की सारख्याच लांबीच्या दोन रेषा लहानमोठ्या दिसतात, हा म्युलर-लायरचा दृष्टिभ्रम सगळ्यांना माहीत असतो. घरांचे कोपरे, रस्त्यांच्या कडा पाहून पाहून आपण हा भ्रम शिकतो, असं स्पष्टीकरण अनेक वर्षं दिलं जाई, आणि ते देणाऱ्यांत ब्रॅडफर्डला तपासणारा ग्रेगरी अग्रभागी होता. सिन्हांच्या गटाने आठ ते सोळा वर्षांच्या नऊ मुलांना, दृष्टी मिळाल्यावर लगेच, हे चित्र दाखवलं. ज्यांनी आजवर एकही कोपरा पाहिला नव्हता त्या मुलांनाही रेषा लहानमोठ्या दिसल्या. काही गोष्टी अनुभवाच्या आधीच डोळ्यामागे बसलेल्या असतात, हे त्या मुलांनी दाखवलं. २०२४ मध्ये कोंबडीच्या पिलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला: अंधारात उबवलेली, अंधारातच एखादी वस्तू चाचपलेली पिलं पहिल्या उजेडात तिची ओळख दाखवतात. म्हणजे मॉलिन्यूच्या प्रश्नाचं उत्तर कोणत्या प्राण्याला विचारता यावरही ठरतं. माणसाच्या पोराला शिकावं लागतं, आणि ते फार लवकर शिकतं.

न्यायसूत्रांकडे परत येऊ. ‘तीच वस्तू’ म्हणणारा एक कुणी तरी आहे, हा नैयायिकांचा मुद्दा या प्रयोगाने खोडला जात नाही. पण ‘तीच’ म्हणण्याची शक्ती त्या कुणाकडे तयार नसते हे मात्र कळलं. पहिल्या दोन दिवसांत त्या मुलांच्या हाताचं आणि डोळ्याचं जग एकाच ‘मी’ला दिसत होतं, तरी ती दोन जगं होती. जाणणारा एक असणं आणि जाणलेलं एक होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला हा या शोधाचा सर्वांत खोल भाग वाटतो, आणि मराठीत तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी तो हाती घ्यावा अशी मनापासून इच्छा आहे.

गाठ मेंदूत नेमकी कुठे पडते, याचा माग आता उदगीरहून रेल्वेने गाठता येईल अशा शहरात घेतला जातो आहे. बिदर-विकाराबादमार्गे हैदराबादला जाणाऱ्या गाडीत उदगीरचे कितीतरी लोक डोळ्यांच्या इलाजासाठी बसतात. तिथली एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था १९८७ साली गुल्लापल्ली नागेश्वर राव यांनी उभारली. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या ब्रिगिटे र‍्योडर आणि प्रसाद संस्थेतले रमेश केकुन्नाया यांचा गट जन्मजात मोतीबिंदूतून बरे झालेल्यांच्या डोक्यावर तारा लावून मेंदूतल्या विद्युत्लहरी मोजतो. चेहरा दिसला की आपल्या मेंदूत एका सेकंदाच्या सुमारे सहाव्या भागात एक विशिष्ट लहर उमटते. ती घर किंवा खुर्ची पाहिल्यावरच्या लहरीहून वेगळी असते. २०१३ मध्ये या गटाने दाखवलं की जे जन्मापासून पाहू शकले नाहीत, त्यांच्यात शस्त्रक्रियेनंतर वर्षं उलटूनही हा वेगळेपणा येत नाही. ज्यांना मोतीबिंदू नंतर झाला त्यांच्यात तो शाबूत असतो. म्हणजे काही गाठी आठवड्यात पडतात, काहींची वेळ एकदाच येते आणि निघून जाते.

ती वेळ रिकामी जात नाही, हे आणखी एक. १९९६ मध्ये नोरिहिरो सादातो आणि सहकाऱ्यांनी पाहिलं की लहानपणापासून अंध असलेली माणसं ब्रेल वाचतात तेव्हा डोक्याच्या मागच्या बाजूचा, दृष्टीसाठी राखलेला भाग काम करू लागतो. डोळा आला नाही म्हणून मेंदूने ती जागा बोटांना दिली. नंतर शस्त्रक्रिया झाली की डोळा येतो तो आधीच वसलेल्या घरात, आणि तिथे त्याला जागा करून घ्यावी लागते. प्रकाशच्या मुलांचे पहिले दिवस गोंधळाचे का असतात, याचा एक धागा इथेही असावा.

हे सगळं ज्ञान त्या मुलांच्या उशिराने मिळालं. त्यांच्यावर आठ किंवा सतरा वर्षांनी झालेली शस्त्रक्रिया पहिल्या दीड-दोन महिन्यांत व्हायला हवी होती. तशी झाली असती तर ती कुणाच्याच प्रयोगात बसली नसती. लॉक, बर्कली, दिदरो यांच्यावरच्या पुस्तकांत त्या पाच जणांची नावं येणार नाहीत, येतील ती शास्त्रज्ञांचीच. तीन शतकांचा वाद पुढे सरकला तो त्यांच्या अंदाजाने दाखवलेल्या बोटांमुळे, आणि या विषयावर लिहिताना ते पहिल्या पानावर सांगायला हवं.

आता बदल होतो आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम निघाली. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूचा समावेश आहे, आणि त्याच्या तपासणीत सापडलेल्या मुलाचा इलाज सरकारी खर्चाने होतो. बाकीचं घरातच होण्यासारखं आहे. बाळाच्या बुबुळात मधोमध पांढरट किंवा राखाडी दिसत असेल, फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसऱ्याची पांढरी येत असेल, दोन महिने होत आले तरी बाळ आईच्या चेहऱ्याकडे रोखून पाहत नसेल, डोळे सारखे थरथरत असतील, तर मोठं होण्याची वाट पाहू नये. आशाताईंना सांगावं, प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढची चिठ्ठी घ्यावी आणि मुलांच्या डोळ्यांचा सर्जन असलेल्या रुग्णालयात त्याच आठवड्यात बाळाला न्यावं.